ॲनिमल हाउसमध्ये पहिल्यांदा जाताय? उंदरांचे हाल टाळायचे असतील तर हे वाचून जा

एम.फार्म.चा, म्हणजे औषधनिर्माणशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीचा, विषय ठरतो आणि गाईड सांगतात, "ॲनिमल हाउसमध्ये जाऊन ये, काम समजून घे." म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे. त्यापुढे काय करायचं ते सहसा कुणी नीट सांगत नाही. सीनियरला स्वतःचा थिसिस संपवायचा असतो. प्रॅक्टिकलची वही असते, पण तिच्यात फक्त डोस आणि वेळा. आपण शिकतो ते चुका करत करत, आणि त्या चुका भोगतो तो पिंजऱ्यातला जीव.

मी मुंबईत सात वर्षं उंदीर आणि रॅट यांच्यावर काम केलं. (ॲनिमल हाउसमध्ये लहान तो उंदीर आणि मोठा तो रॅट असंच बोलतात, इथेही तसंच लिहिते.) परळ, माटुंगा, पार्ले, खारघर, जिथे कुठे तुम्ही नव्याने हे काम सुरू करणार असाल, तिथे या गोष्टी उपयोगी पडतील. प्रयोग जितके कमी होतील तितकं बरं, असं माझं मत आहे आणि त्यावर वाद घालायला मी तयार आहे. पण उद्या सकाळी तुमच्या हातात एक उंदीर येणारच असेल, तर आधी त्याचं बघू.

१. पहिले चार दिवस हात लावू नका

माझ्या पहिल्या दिवशी मी ग्लोव्ह्ज घालून तयार होते. तिथले मामा, म्हणजे पंचवीस वर्षं पिंजरे सांभाळणारे ॲटेंडंट, म्हणाले, "ताई, आज हात घालू नका. स्टूल घ्या, नुसतं बघा." मला वेळ फुकट गेल्यासारखं वाटलं. आज कुणी शिकायला आलं की मीही आधी स्टूलच देते.

सुदृढ जनावर कसं दिसतं हे डोळ्यांत बसल्याशिवाय आजारी जनावर ओळखता येत नाही. उंदीर रात्री जागतात, दिवसा एकमेकांना बिलगून झोपतात. केस गुळगुळीत, डोळे पूर्ण उघडे, झाकण हललं की नाक वर करून वास घेणं, ही चांगली लक्षणं. एखादा कळपापासून लांब, पाठीला कुबड काढून, केस पिंजारून बसला असेल तर तो लगेच नोंदवायचा.

रॅटच्या डोळ्यांभोवती किंवा नाकाशी लालसर खपली दिसली तर घाबरू नका, ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारं ते रंगद्रव्य असतं. निरोगी रॅट अंग चाटताना ते पुसून टाकतो. ताण आला, आजार झाला की स्वतःला साफ करणं थांबतं आणि ते साठतं. पिंजऱ्यात मला सगळ्यात आधी हेच दिसतं.

आणखी एक. रॅट बोलतात, पण आपल्याला ऐकू येत नाही. भीती किंवा त्रास असला की ते साधारण २२ किलोहर्ट्झला आवाज काढतात, खेळताना ५० किलोहर्ट्झच्या आसपास. आपला कान २० च्या पुढे जात नाही. खोली शांत आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून चालू नका.

२. प्राणी खरंच लागणार आहेत का, हे लिहून काढा

१९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन गोष्टी मांडल्या: शक्य तिथे प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, आणि जे कराल त्यात त्रास कमी करा. भारतात त्याला चौथी जोडली गेली, पुनर्वसन. कागदावर हे सगळेच लिहितात. तुम्ही खरंच बसून विचार करा.

पर्याय पूर्वीपेक्षा बरेच आहेत. पेशींवर काम होणार असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी, मागवता येतात. नुसतं शिकण्याशिकवण्यासाठी प्राणी वापरायचं आता कारण उरलेलं नाही. पुडुचेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेत तयार झालेलं, प्राण्यांवरचे प्रयोग संगणकावर दाखवणारं एक्सफार्म हे सॉफ्टवेअर कित्येक कॉलेजांत वापरलं जातं, आणि २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातलं विच्छेदन थांबवायला सांगितलं. त्याच वर्षी सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी देशात बंद झाली. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशींवरच्या आणि संगणकावरच्या पद्धतींनाही जागा मिळाली. गाईडशी बोलताना हे मुद्दे हाताशी ठेवा. "असं चालत नाही" असं उत्तर आलं तर नम्रपणे विचारा, कोणत्या नियमाने?

अर्धे प्राणी मरेपर्यंत डोस वाढवत न्यायची जुनी एलडी-५० चाचणी ओईसीडी या देशांच्या संघटनेने २००२ मध्येच रद्द केली. तिच्या जागी ओईसीडीच्याच ४२३ आणि ४२५ क्रमांकाच्या पद्धती आहेत, त्यांत फार थोडे प्राणी लागतात. तरीही जुन्या थिसिसमधून कॉपी केलेली ती चाचणी मी अर्जांमध्ये पाहिली आहे.

संख्येबद्दलचा सापळा सगळ्यांना माहीत आहे: "सगळे गटात सहा घेतात, आपणही सहा घेऊ." का सहा, हे सांगता आलं पाहिजे. अपेक्षित फरकाचा अंदाज असेल तर जी-पॉवर या मोफत सॉफ्टवेअरवर संख्या काढा. अंदाजच नसेल तर एक सोपं गणित आहे: एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करा, उत्तर १० ते २० मध्ये आलं पाहिजे. चार गट, प्रत्येकी सहा: २४ वजा ४, म्हणजे २०. चालेल. प्रत्येकी दहा घेतलेत तर उत्तर ३६ येतं, म्हणजे बरेच जीव विनाकारण. आणि फार कमी घेणंही वाईटच. निष्कर्ष निघाला नाही तर तेवढे सगळे फुकट गेले.

३. फॉर्म बी आणि समिती

कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे. तिचं जुनं नाव सीपीसीएसईए, आता सीसीएसईए. तुमची संस्था तिच्याकडे नोंदलेली असली पाहिजे आणि संस्थेत स्वतःची आचारसमिती, आयएईसी, असली पाहिजे. तिच्यात संस्थेतले शास्त्रज्ञ, पशुवैद्य आणि ॲनिमल हाउसचे प्रमुख असतात. केंद्रीय समितीने नेमलेले बाहेरचे लोकही असतात, त्यांत एक समाजातली जाणकार व्यक्ती असते. उंदीर, रॅट, ससे यांचे अर्ज इथेच मंजूर होतात. त्याहून मोठ्या प्राण्यांचे वर जातात.

अर्ज फॉर्म बी वर करायचा. माझ्या अनुभवात अर्ज परत येतात ते तीन कारणांनी. गोषवाऱ्यात प्राणी ४८ आणि तक्त्यात ५४. पर्याय का नाही, या रकान्यात एक ओळ. आणि वेदनेच्या रकान्यात "लागू नाही". सुई टोचणार असाल, तोंडातून नळी घालणार असाल, तर लागू आहे. समितीतले पशुवैद्य हा रकाना सगळ्यात आधी वाचतात. अर्ज द्यायच्या आधीच त्यांना जाऊन भेटा. माझे दोन प्रयोग एका पशुवैद्यांनी पंधरा मिनिटांत निम्म्या त्रासाचे करून दिले होते.

बैठक दर महिन्याला असेलच असं नाही. तारीख आधी विचारून घ्या. मंजुरीच्या आधी सुरू केलेलं काम मागून नियमित करता येत नाही, आणि मंजुरीचा क्रमांक नसेल तर जर्नल पेपर घेत नाही.

फाइलमध्ये हे हवं:
- संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि त्याच्या पत्राची प्रत
- भरलेला फॉर्म बी आणि मंजुरीचं पत्र
- प्राणी विकणाऱ्या नोंदणीकृत ब्रीडरचं बिल आणि आरोग्य प्रमाणपत्र
- फॉर्म डी ची वही, म्हणजे किती प्राणी घेतले आणि त्यांचं काय झालं
- हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला
- रोजचा निरीक्षणाचा तक्ता (खाली सातव्या मुद्द्यात)

४. प्राणी आणताना

क्रॉफर्ड मार्केटमधून उंदीर किंवा ससा आणून "दोनच हवे होते" म्हणणारे अजूनही भेटतात. प्रयोगासाठी ते चालत नाही. तिथल्या जनावराचं वय, वंश, आजार यातलं काहीच तुम्हाला माहीत नसतं आणि एक आजारी उंदीर आख्खी खोली आजारी पाडतो.

ब्रीडरकडून येणारी गाडी पहाटेची मागवा. मे महिन्यात दुपारी दोन वाजता हायवेवर अडकलेल्या टेम्पोत खोके काय तापतात, ते मी हात लावून पाहिलंय. आल्यावर किमान सात दिवस त्यांना काहीही करायचं नाही. नवी जागा, नवा वास, नवं पाणी. "सबमिशन जवळ आलंय" म्हणून तिसऱ्या दिवशी डोसिंग सुरू केलंत तर तुम्ही औषधाचा परिणाम मोजत नाही, प्रवासाचा मोजता.

५. पिंजरा म्हणजे त्यांचं घर

केंद्रीय समितीच्या मार्गदर्शक सूचनांत खोलीचं तापमान १८ ते २९ अंश आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के सांगितली आहे. आपण एसी २२ वर लावतो, कारण गाऊन आणि मास्कमध्ये आपल्याला उकडतं. उंदराला मात्र साधारण ३० अंशांच्या आसपास बरं वाटतं. २२ ला तो कुडकुडत असतो. त्याला गरज असते घरट्याची. प्रत्येक पिंजऱ्यात ८ ते १० ग्रॅम टिश्यू पेपर किंवा कागदाच्या पट्ट्या टाका आणि दुसऱ्या दिवशी बघा. चांगला उंदीर त्याचा खोल, वरून झाकलेला गोळा करतो. घरटं नुसतंच सपाट पडलेलं असेल तर त्या उंदराकडे नीट लक्ष द्या.

पिंजरा साफ करताना घरट्याचा थोडा जुना, कोरडा भाग नव्या पिंजऱ्यात टाका. ओळखीचा वास राहिला की नर कमी भांडतात. अनोळखी मोठे नर एकत्र ठेवू नका. एकटं ठेवणंही शिक्षाच आहे, विशेषतः रॅटला.

रॅटला लपायला जागा हवी. मी धारावीच्या कुंभारवाड्यातून मातीची बोळकी आणली होती, बिनरंगाची, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करून आडवी ठेवलेली. पहिल्या रात्री तिघे रॅट एकाच बोळक्यात घुसून झोपले, शेपट्या बाहेर. कड फुटली की मात्र बोळकं लगेच काढायचं. असं काही ठेवण्याआधी प्रमुखांना विचारा आणि सगळ्या गटांना सारखंच द्या, नाहीतर तुलना बिघडते.

पांढऱ्या जनावरांच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसतं. दिव्याच्या अगदी खाली असलेल्या वरच्या रांगेत त्यांच्या डोळ्यांना इजा होते. वरच्या पिंजऱ्यांवर सावली करा, नाहीतर रांगा बदलत राहा. उजेड बारा तास, अंधार बारा तास. अंधाराच्या वेळेत "एक मिनिटच" म्हणून ट्यूब लावू नका. लाल दिवा वापरा, तो त्यांना फारसा दिसत नाही.

आता पावसाळा. जूनपासून भाताच्या तुसाचं बेडिंग दोन दिवसांत ओलं होतं आणि अमोनियाचा वास येतो. वास तुमच्या नाकाला आला म्हणजे जमिनीपासून दोन इंचांवर नाक असणाऱ्याला तो कधीचा येतोय. पावसाळ्यात साफसफाईचं वेळापत्रक वाढवून घ्या. खाद्याची गोणी भिंतीला टेकवून, फरशीवर ठेवू नका. झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवा. पेलेटवर, म्हणजे खाद्याच्या गोळ्यांवर, पांढरट बुरा दिसला की आख्खी गोणी बाद. "वरचं काढून टाकू" हे चालत नाही, बुरशीचं विष आतपर्यंत असतं. पाणी तुंबलं की बाहेरच्या घुशी आत येऊ बघतात आणि लेप्टोचे जंतू आणतात. दारांना खाली पत्रा आहे का, ते मेमध्येच तपासा.

आवाजाचं मुंबईत काय करायचं, हा खरा प्रश्न. विसर्जनाचे ढोल, दिवाळीचे फटाके, शेजारी ड्रिलिंग. नुकती व्यालेली मादी अशा हादऱ्यांनी पिल्लं खाऊ शकते. सणांच्या तारखा माहीत असतात, त्या आठवड्यात प्रयोग लावू नका. तोटीचं थेंब थेंब गळणं आणि जुन्या मॉनिटरची भुणभुण यांतूनही त्यांना ऐकू येईल असा, पण आपल्याला न येणारा आवाज निघतो. तोटी दुरुस्त करायला शंभर रुपये लागतात.

६. हात

शेपटीने उचलायचं नाही. सगळे तसंच उचलतात, तुम्हालाही तसंच शिकवतील. २०१० मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी दाखवलं की शेपटीने उचललेले उंदीर घाबरट होतात, हातापासून पळतात. नळीतून किंवा ओंजळीत उचललेले उलट स्वतःहून जवळ येतात. ॲक्रिलिकची नळी नसेल तर पुठ्ठ्याची चालेल. ती पिंजऱ्यातच ठेवून द्या. उंदीर आत शिरला की दोन्ही टोकांना हात लावून उचला. पहिल्या दिवशी वेळ लागतो, चौथ्या दिवशी तुम्ही झाकण उघडायच्या आत तो नळीत बसलेला असतो. अत्तर, सेंट लावून जाऊ नका.

तोंडातून औषध देणं, गव्हेज, हे सगळ्यात जास्त बिघडतं. आधी पाण्याने आणि देखरेखीखाली शिका. गोल टोकाची सुई जनावराच्या अंगाशेजारी धरून तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंतची लांबी मोजा आणि तिथे खूण करा. टोक साखरेच्या पाण्यात बुडवलं तर जनावर स्वतःच चाटून गिळायला लागतं आणि झगडा कमी होतो. आत जाताना अडकलं तर जोर लावायचा नाही. बाहेर काढा, श्वास घेऊ द्या, पुन्हा. प्रमाण साधारण किलोला १० मिली, म्हणजे २५ ग्रॅमच्या उंदराला पाव मिली. डोस जास्त हवा असेल तर द्रावण दाट करा, पाणी वाढवू नका.

इंजेक्शनची सुई प्रत्येक जनावराला नवी. एकदा कातडीतून गेली की टोक बोथट होतं. खर्च वाचवायला सहा उंदरांना एक सुई वापरली जाते तेव्हा सहाव्याला ती खिळ्यासारखी लागते.

२५ ग्रॅमच्या उंदराच्या अंगात सगळं मिळून १.८ मिलीच्या आसपास रक्त असतं. एका वेळी त्याच्या १० टक्क्यांहून जास्त घेऊ नका, म्हणजे ०.१८ मिली. "अर्धा मिली तर हवंय" असं लॅबने सांगितलं तर कमी रक्तात होणारी चाचणी शोधा.

७. कुठे थांबायचं, ते आधीच ठरवा

२०१० पासून उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत उपलब्ध आहे. पाच जागा बघायच्या: आकसलेले डोळे, फुगलेलं नाक, फुगलेले गाल, मागे किंवा बाजूला वळलेले कान, आणि ताठ किंवा मागे ओढलेल्या मिश्या. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. पिंजऱ्यापासून जरा लांब उभे राहून बघा. माणूस जवळ आला की उंदीर वेदना लपवतो, शिकार होणाऱ्या जनावराचा तो स्वभावच आहे.

तक्त्यात रोज वजन, चेहऱ्याचे गुण, केस, चाल आणि खाणंपिणं लिहा. वजन २० टक्क्यांनी घटलं, पाण्यापर्यंत जाता येईना, श्वास लागला, यांतलं काही झालं की त्या जनावराचा प्रयोग तिथेच संपला, हे फॉर्म बी मध्येच लिहून ठेवा. त्या क्षणी ठरवायला बसलात तर "अजून दोनच दिवस राहिलेत" असं वाटतंच.

वेदनाशामकाने रिझल्ट बिघडतील, असं तुम्हाला सांगितलं जाईल. न थांबवलेल्या वेदनेनेही बिघडतात: हॉर्मोन बदलतात, प्रतिकारशक्ती बदलते, खाणं कमी होतं. मेलॉक्सिकॅम, ब्युप्रेनॉर्फिन यांपैकी कोणतं, किती आणि कधी, ते पशुवैद्य सांगतील. विचारायचं काम तुमचं.

८. सुट्ट्या, पाऊस आणि पाण्याची बाटली

हे लिहायला मला जड जातं. गणपतीतला शनिवार होता. मी संध्याकाळी बाटल्या भरल्या, लावल्या आणि गाडी पकडायला धावले. रविवारी ज्यांची पाळी होती त्यांनी बाटल्या भरलेल्या पाहिल्या आणि वहीत "ठीक" लिहिलं. सोमवारी पाऊस, कुर्ला-सायनला रुळांवर पाणी. मी पोचले तेव्हा अंधार पडला होता. एका पिंजऱ्यातली बाटली शनिवारी होती तशीच काठोकाठ भरलेली होती. नळीच्या टोकाची गोळी, जी हलली की पाणी येतं, ती अडकली होती. तीन रॅटपैकी एक गेला होता. उरलेल्या दोघांची मानेमागची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती.

बाटली भरलेली असणं हीच धोक्याची खूण होती, आणि आम्ही दोघांनीही ती चांगली समजली. तेव्हापासून मी बाटली लावल्यावर बोटाने गोळी दाबते आणि थेंब बोटावर आला तरच पुढे जाते. पातळीवर मार्करने रेघ मारून तारीख टाकते. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या खाली गेलेलं दिसलं पाहिजे.

जून ते सप्टेंबरसाठी एक यादी भिंतीवर लावा: गाडी बंद पडली तर चालत येऊ शकेल असं जवळ राहणारं कोण, त्याचा नंबर, किल्ली कुणाकडे, जनरेटरवर एसी चालतो की नुसते दिवे. लांबच्या सुट्टीआधी प्रत्येक पिंजऱ्याला दुसरी बाटली लावा. आणि ॲटेंडंट मामांना तुमच्या प्रयोगाचं वेळापत्रक मराठीत लिहून द्या. फाइलमधला इंग्रजी प्रोटोकॉल त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, आणि रात्री जनावर आजारी पडलं तर तिथे तेच असतात.

९. शेवटचा दिवस

प्रयोग संपल्यावर सगळ्यांना मारायचंच, असं आपोआप धरू नका. ज्यांना बाधा झालेली नाही अशा जनावरांच्या पुनर्वसनाचा विचार अर्जातच करा, त्याचा खर्च संशोधनाच्या खर्चात धरायचा असतो. मारावंच लागणार असेल तर आधी इतर लॅबना विचारा, कुणाला ऊती हव्या आहेत का. माझ्या एका गटाच्या यकृत, मूत्रपिंड आणि मेंदूवर तीन विद्यार्थ्यांचं काम झालं. त्यांना वेगळे प्राणी मागवावे लागले नाहीत.

कार्बन डायऑक्साइड वापरणार असाल तर डबा आधीच भरून ठेवू नका. जनावर आत ठेवून गॅस हळू सोडा, मिनिटाला डब्याच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के. प्रवाह मोजायला मीटर लागतो, अंदाजाने करू नका. एका वेळी एकाच पिंजऱ्यातले, एकमेकांच्या ओळखीचे. हे काम जिथे बाकीची राहतात त्या खोलीत कधीच नाही. श्वास आणि हृदय दोन्ही थांबल्याची खात्री करा आणि मगच वहीत वेळ लिहा.

पहिल्यांदा हे करताना एकटे जाऊ नका. ज्याने शिकवलं त्याला बरोबर घ्या. हात थरथरत असतील तर त्या दिवशी ते काम त्यांना करू द्या आणि तुम्ही शेजारी उभे राहा.